जर्मनीत राहून आपल्या भाषेचा संगणक घेताना

जर्मनीत नव्याने आलेली मराठी माणसे पहिल्या दोन-तीन महिन्यांत लॅपटॉप घ्यायला निघतात आणि दुकानात शिरताच गोंधळतात, कारण मांडून ठेवलेल्या प्रत्येक यंत्राचा पडदा जर्मन बोलत असतो आणि कीबोर्डवर ओळखीची अक्षरे अनोळखी जागी बसलेली असतात. 'आम्हांला इंग्रजी लॅपटॉप हवा' असे विक्रेत्याला सांगितले की तो बहुतेक वेळा मान हलवून नाही म्हणतो, आणि माणूस एक तर नाइलाजाने समोरचे यंत्र उचलतो किंवा पुण्याहून येणाऱ्या एखाद्या परिचिताच्या सामानात लॅपटॉप मागवतो. या दोन्ही गोष्टी बऱ्याचदा अनावश्यक असतात. 'संगणकाची भाषा' या एका शब्दाखाली आपण चार निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधतो: पडद्यावर दिसणारी भाषा, कळांवर छापलेली अक्षरे, कळ दाबल्यावर कोणते अक्षर उमटावे हे ठरवणारी मांडणी, आणि तारीख, चलन व दशांशचिन्ह यांची प्रादेशिक पद्धत. यांपैकी फक्त दुसरी गोष्ट दुकानात विकत घेतली जाते. उरलेल्या तिन्ही घरी बसून, एकही युरो न देता बदलता येतात. म्हणून पैसा आणि विचार दोन्ही कळांवर खर्च करावेत.

आधी कळांचा निर्णय

जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेड यांची अदलाबदल झालेली असते. एलच्या उजवीकडे ओ-उमलाउट आणि ए-उमलाउट (उमलाउट म्हणजे अक्षरावरची दोन टिंबे), पीच्या शेजारी यू-उमलाउट आणि शून्याच्या उजवीकडे 'एसत्सेट' हे जर्मन अक्षर असते. ॲटचे चिन्ह काढण्यासाठी ऑल्ट-जीआर, म्हणजे स्पेसच्या उजवीकडची ऑल्टची कळ, दाबून क्यू दाबावे लागते आणि युरोच्या चिन्हासाठी त्याच कळेसोबत ई. कागदपत्रे, ईमेल आणि शिक्षण एवढ्यासाठी संगणक वापरणाऱ्याला या मांडणीची सवय साधारण दोन आठवड्यांत होते. प्रोग्रॅमिंग करणाऱ्याचे मात्र हाल होतात, कारण महिरपी आणि चौकटी कंस ऑल्ट-जीआरसह सात, आठ, नऊ आणि शून्य या कळांवर असतात, उलटी तिरकी रेघ एसत्सेटच्या कळेवर असते, आणि दिवसभर अंगठा वाकडा करून कंस काढणे हे सवयीचे काम नसून शिक्षाच असते.

माझा सल्ला असा आहे की ज्यांना पुढची चार-पाच वर्षे येथेच राहायचे आहे, जर्मनमध्ये पत्रव्यवहार करायचा आहे किंवा ज्यांची मुले येथील शाळेत जातात, त्यांनी जर्मन कीबोर्डच घ्यावा. मुलांना शाळेत तोच मिळणार आहे, कार्यालयात आपल्यापुढेही बहुधा तोच येणार आहे, आणि पुढे यंत्र विकायचे झाले तर जर्मन कळांच्या लॅपटॉपला येथे गिऱ्हाईक लवकर मिळते. ज्यांचे पोट प्रोग्रॅमिंगवर आहे किंवा जे वर्षा-दीड वर्षात परतणार आहेत, त्यांनी इंग्रजी कळांसाठी थोडी वाट पाहावी. अमेरिकी कळांवरही जर्मन लिहिता येते: विंडोजमध्ये 'युनायटेड स्टेट्स-इंटरनॅशनल' ही मांडणी निवडली की ऑल्ट-जीआरसह क्यू, पी, वाय आणि एस या कळांवर अनुक्रमे ए-उमलाउट, ओ-उमलाउट, यू-उमलाउट आणि एसत्सेट मिळतात.

या निर्णयात मराठीचा प्रश्न कोठेच आडवा येत नाही. मराठी अक्षरे ना जर्मन कळांवर छापलेली असतात, ना इंग्रजी. आपल्याकडे भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक लॅपटॉपवरही ती नसतात. त्यामुळे मराठी लिहिणाऱ्याला जर्मन यंत्र भारतीय यंत्राइतकेच परके किंवा आपले असते.

कोठे घ्यावा

मोठ्या दुकानांत प्रत्यक्ष मांडलेली यंत्रे जवळजवळ सगळी जर्मन कळांची असतात. इंग्रजी कळा हव्या असतील तर निर्मात्याच्या जर्मन संकेतस्थळावर जावे. ॲपलच्या जर्मन ऑनलाइन दुकानात मॅकबुक घेताना कीबोर्डची भाषा निवडता येते. लेनोव्हो आणि डेल यांच्या अनेक व्यावसायिक मालिकांतही, विशेषतः आपल्या मागणीप्रमाणे जुळवून मिळणाऱ्या यंत्रांत, हा पर्याय असतो. यंत्र हाती पडायला काही दिवस जास्त लागतात. संकेतस्थळावर शोधायचा शब्द 'टास्टाटुर' हा आहे; त्याचा अर्थ कीबोर्ड, आणि त्याच्यापुढे भाषा लिहिलेली असते. 'ओने बेट्रीब्ससिस्टेम' असे लिहिलेले यंत्र स्वस्त दिसते, कारण त्यात विंडोज किंवा दुसरी कोणतीही कार्यप्रणाली नसते. लिनक्स स्वतः बसवणाऱ्याला हे सोयीचे आहे, इतरांनी त्या किमतीला भुलू नये.

तिसरा मार्ग कंपन्यांनी वापरून परत केलेल्या आणि व्यापाऱ्याने दुरुस्त करून विकलेल्या यंत्रांचा. चांगल्या बांधणीचे व्यावसायिक लॅपटॉप येथे निम्म्याहून कमी किमतीत मिळू शकतात, पण दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे कळांवरची अक्षरे मूळची आहेत की वरून चिकटवलेली. चिकटपट्टीचे कोपरे उन्हाळ्यानंतर सुटू लागतात. दुसरी म्हणजे यंत्र विंडोज 11 चालवू शकते का, कारण विंडोज 10 चा नियमित पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. इंटेलचा प्रोसेसर असेल तर ढोबळ मानाने आठव्या पिढीपासून पुढचा असावा, आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप असावी.

राहता राहिला भारतातून आणण्याचा मार्ग. स्वतःचा वापरातला लॅपटॉप सोबत आणण्यात अडचण नाही. मात्र कोणाच्या तरी हाती खोक्यातला नवा लॅपटॉप मागवला, तर युरोपीय संघाबाहेरून विमानाने येणाऱ्या प्रवाशाला 430 युरोंपर्यंतच्याच वस्तू करमुक्त आणता येतात, आणि एका वस्तूची किंमत तोडून दोघांत वाटता येत नाही. मर्यादा ओलांडली की लॅपटॉपच्या पूर्ण किमतीवर कर लागतो. शिवाय अनेक भारतीय लॅपटॉपची वॉरंटी भारतापुरतीच असते. भारतातल्या पुष्कळ यंत्रांत 'विंडोज 11 होम सिंगल लँग्वेज' ही आवृत्ती येते, जिच्यात पडद्याची भाषा सेटिंगमधून बदलता येत नाही. म्हणजे भाषेच्या सोयीसाठी ज्या देशातून यंत्र मागवले, त्याच देशातले यंत्र भाषेच्या बाबतीत जास्त अडेल निघते. जर्मनीत मिळणाऱ्या साध्या 'होम' किंवा 'प्रो' आवृत्तीत हे बंधन नाही. भारतीय चार्जरची काळजी करू नये. तो बहुतेक वेळा 100 ते 240 व्होल्टवर चालतो, आणि भिंतीत जाणारी तेवढी वायर येथील पिनेची घेतली की काम होते.

दुकानात उभे राहून

मांडलेल्या यंत्रावर हात ठेवायला कोणी मनाई करत नाही. विंडोजची कळ आणि आय एकत्र दाबल्यास सेटिंग उघडते. जर्मनमध्ये त्याला 'आइनश्टेलुंगेन' म्हणतात. डावीकडच्या यादीत 'सिस्टेम' आणि त्यात अगदी तळाशी 'इन्फो' येथे विंडोजची आवृत्ती लिहिलेली असते. तेथे 'होम' किंवा 'प्रो' यांच्यापुढे 'सिंगल लँग्वेज' असे शब्द नसले की पडद्याच्या भाषेची चिंता मिटली.

त्यानंतर ब्राउझरमध्ये कोणतेही मराठी वृत्तपत्र उघडून पाहावे. देवनागरी दिसेलच, कारण विंडोजमध्ये 'निर्मला यूआय' हा टंक आधीपासून असतो. पाहायचे ते बारीक अक्षर. स्वस्त पडद्यांवर लहान आकारातले रफार आणि अनुस्वार पुसट होतात, 'र्थ' आणि 'र्थं' यांतला फरक डोळ्यांना ताण दिल्याशिवाय कळत नाही, आणि रोमन लिपीपुरता ठीक वाटणारा पडदा मराठी वाचताना तासाभरात थकवतो. ज्यांना मराठी वाचन-लेखन रोज करायचे आहे त्यांनी प्रोसेसरवरचे शंभर युरो वाचवून पडद्यावर घालावेत, असे माझे मत आहे.

किमतीच्या पाटीवरचा आकडा 19 टक्के मूल्यवर्धित कर धरून असतो, त्यामुळे गल्ल्यावर त्यात भर पडत नाही. पावती, म्हणजे 'रेख्नुंग', जपून ठेवावी. ऑनलाइन खरेदीत माल हाती आल्यापासून 14 दिवसांत कारण न देता करार मागे घेण्याचा हक्क असतो. त्याला 'विडरुफ' म्हणतात. दुकानात जाऊन घेतलेल्या वस्तूला असा कायदेशीर हक्क नाही. तेथे परत घेणे ही दुकानाची मर्जी असते, म्हणून खोके उघडण्यापूर्वीच विचारून घ्यावे. मागणीप्रमाणे जुळवलेल्या यंत्राबाबत काही विक्रेते हा हक्क नाकारू पाहतात, तेव्हा इंग्रजी कळांचे यंत्र मागवताना परतीच्या अटी आधी वाचाव्यात.

'गेवेअरलाइस्टुंग' आणि 'गारंटी' या दोन शब्दांची गल्लत करू नये. पहिली विक्रेत्याची कायदेशीर जबाबदारी आहे, नव्या वस्तूवर ती दोन वर्षे असते, आणि 2022 पासून पहिल्या वर्षभरात दिसलेला दोष मुळातच होता असे ग्राहकाच्या बाजूने धरले जाते. दुसरी निर्मात्याने किंवा विक्रेत्याने स्वखुशीने दिलेली असते आणि तिच्या अटीही त्याच्याच. त्यामुळे यंत्र बिघडले की 'निर्मात्याकडे जा' असे सांगणाऱ्या विक्रेत्याला पहिला शब्द शांतपणे ऐकवावा.

घरी आल्यावर

सुरुवातीच्या मांडणीत यंत्र भाषा विचारते. यादीत इंग्रजी दिसली तर लगेच निवडावी. न दिसली तर जर्मनमध्येच पुढे जावे आणि नंतर बदलावे. सेटिंगमध्ये घड्याळाच्या चित्राशेजारी 'त्साइट उंड श्प्राखे', म्हणजे वेळ आणि भाषा, हा विभाग असतो. त्यात 'श्प्राखे उंड रेगिओन' उघडावे आणि 'श्प्राखे हिन्त्सूफ्यूगेन', म्हणजे भाषा जोडा, हे बटण दाबावे. आधी इंग्रजी जोडून ती पडद्याची भाषा करावी, यंत्र बाहेर पडून पुन्हा आत येऊ द्यावे आणि मग मराठी जोडावी. हा क्रम पाळावा, कारण विंडोजचा मराठी पडदा हा इंग्रजीच्या पायावर चढवलेला थर आहे. ज्या वाक्यांचे मराठीकरण झालेले नाही ती खालच्या भाषेतून डोकावतात.

पडदा मराठीत ठेवावा की इंग्रजीत, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. घरातल्या ज्येष्ठांसाठी मराठी पडदा मला फार उपयोगाचा वाटतो. स्वतःसाठी मात्र मी इंग्रजी ठेवतो, कारण काही बिघडले की उपाय शोधताना चूक दाखवणारे वाक्य इंग्रजीत असलेले बरे पडते.

इंग्रजी जोडताना विंडोज गुपचूप अमेरिकी मांडणीही सोबत आणते, आणि नवागतांची सर्वांत जास्त फसगत येथे होते. यंत्रावर जर्मन कळा, आत दोन मांडण्या, आणि डावे ऑल्ट व शिफ्ट चुकून एकत्र दाबले गेले की मांडणी बदलते. माझ्या पहिल्या लॅपटॉपच्या पासवर्डात येवल्याचे नाव होते. एका रात्री अर्ज भरण्याची मुदत संपायला तासभर असताना यंत्राने तो पासवर्ड पाच वेळा नाकारला, मी स्वतःच्या स्मरणशक्तीला दोष देत बसलो, आणि शेवटी पासवर्डाच्या चौकटीतल्या डोळ्याच्या चित्रावर क्लिक केल्यावर दिसले की मी येवला लिहीत होतो आणि यंत्र झेवला वाचत होते. प्रवेशाच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात मांडणीचे नाव लिहिलेले असते. तेथे क्लिक करून ती बदलता येते, हे मला त्या रात्री कळले.

यावर कायमचा उपाय सोपा आहे. भाषांच्या यादीत इंग्रजीच्या पर्यायांत जाऊन तिला जर्मन कीबोर्ड जोडावा आणि अमेरिकी काढून टाकावा. पडदा इंग्रजी राहतो, पण कळेवर जे छापले आहे तेच उमटते. त्यानंतर त्याच विभागातल्या प्रशासकीय भाषा सेटिंगमध्ये जाऊन ही निवड स्वागताच्या पडद्याला आणि नव्या वापरकर्त्यांना लागू करावी, नाहीतर आत इंग्रजी आणि दारात जर्मन असा प्रकार होतो.

प्रदेश भारत ठेवावा की जर्मनी, याचाही विचार करावा. जर्मनी ठेवल्यास बारा हजार तीनशे पंचेचाळीस पूर्णांक पाच हे 12.345,5 असे लिहिले जाते, म्हणजे टिंब आणि स्वल्पविराम आपल्याकडच्या नेमके उलटे. येथील बँक आणि कार्यालये यांच्याशी व्यवहार असेल तर हेच सोयीचे आहे. भारतातल्या घरभाड्याचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवणाऱ्याने मात्र फाइल इकडून तिकडे नेताना आकडे एकदा नजरेखालून घालावेत. एक्सेलची भाषा विंडोजपासून वेगळी असते. ती जर्मन राहिली तर बेरजेचे सूत्रही 'सुमे' या नावानेच लिहावे लागते.

मॅकमध्ये यातले बरेच कष्ट वाचतात. कोणत्याही देशात घेतलेल्या मॅकमध्ये सगळ्या उपलब्ध भाषा असतातच, आणि देवनागरी कीबोर्ड सेटिंगमधून जोडता येतो.

जर्मन कळांवर मराठी

विंडोजमध्ये मराठीसाठी मुख्यतः दोन मार्ग आहेत. 'मराठी फोनेटिक' हा 2019 च्या मे महिन्यातल्या विंडोज 10 च्या अद्ययावतीकरणापासून मिळू लागला. त्यात रोमन अक्षरांतून उच्चाराप्रमाणे लिहायचे असते आणि सुरुवात करणाऱ्याला तो लगेच जमतो. वाय आणि झेड छापल्याप्रमाणे उमटतात की उलटे, हे 'यश' आणि 'झरा' हे दोन शब्द लिहून पहिल्याच दिवशी पाहून घ्यावे.

दुसरा मार्ग इनस्क्रिप्टचा. भारत सरकारने प्रमाण ठरवलेली ही मांडणी अक्षरांच्या नावावर नव्हे तर जागेवर चालते: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. त्यामुळे कळेवर काय छापले आहे याने तिला काहीच फरक पडत नाही, आणि ज्याने एमएस-सीआयटीच्या वर्गात किंवा सरकारी नोकरीत इनस्क्रिप्ट शिकले आहे त्याची बोटे जर्मन यंत्रावर पहिल्या मिनिटापासून बिनचूक चालतात. बघून टंकणाऱ्याला मात्र एवढे लक्षात ठेवावे लागेल: ओ-उमलाउटवर च, ए-उमलाउटवर ट, यू-उमलाउटवर ड, झेड छापलेल्या कळेवर ब, उजव्या शिफ्टशेजारच्या संयोगचिन्हाच्या कळेवर य, आणि एंटरला चिकटलेल्या हॅशच्या कळेवर 'डॉक्टर'मधला ऑकार. परदेशात राहून मराठीत नियमित लिहायचे असेल तर इनस्क्रिप्ट शिकण्याचे पंधरा दिवसांचे कष्ट घ्यावेत, कारण पुढे जपानी, फ्रेंच किंवा कोणत्याही देशाचे यंत्र पुढ्यात आले तरी बोटांना नवे काही शिकावे लागत नाही.

मांडण्यांत फिरण्यासाठी विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबावी. सगळे जुळल्यावर जर्मन विंडोजमध्ये 'एडिटर' नावाने येणारे नोटपॅड उघडून 'बाळ', 'ज्ञान', 'कुऱ्हाड', 'दऱ्याखोऱ्या' हे शब्द लिहून पाहावेत. इनस्क्रिप्टमध्ये ळ शिफ्ट आणि एनवर आहे. 'दऱ्या'तला अर्धा र साध्या र ने येत नाही. साधा र, हलन्त आणि य लिहिले की 'दर्या' होतो. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि जे दाबून नुक्त्याचा ऱ घ्यावा, मग डीवरचा हलन्त, मग य. मराठी बसवली असे सांगणाऱ्या तंत्रज्ञाला हा एक शब्द लिहायला लावला की त्याचे काम किती पक्के आहे ते कळते.

भारतात नेताना

सुट्टीला जाताना 18 वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप भारतात विनाशुल्क नेता येतो. कार्यालयाचा आणि भेट द्यायचा असे दोन एकाच पिशवीत असतील तर दुसऱ्यावर शुल्क मागितले जाऊ शकते. आई-वडील येथे पर्यटक म्हणून आलेले असतील आणि त्यांनी स्वतःच्या नावावर 50 युरोंपेक्षा जास्त किमतीचे यंत्र घेतले, तर जर्मन कराचा परतावा मिळू शकतो. त्यासाठी दुकानातून निर्यातीचा अर्ज घ्यावा, पासपोर्ट दाखवावा, आणि युरोपीय संघ सोडतानाच्या विमानतळावर सामान विमान कंपनीच्या ताब्यात देण्यापूर्वी सीमाशुल्क कक्षात यंत्र दाखवून शिक्का घ्यावा. खरेदीच्या महिन्यानंतरच्या तीन महिन्यांत यंत्र संघाबाहेर गेले पाहिजे. येथे निवासाचा परवाना असलेल्या मुला-मुलींना हा परतावा मिळत नाही, तेव्हा बिल आपल्या नावावर करून नंतर हळहळू नये. आणि सवलत मिळाली तरी आई-वडिलांसाठी जर्मन कळांचे यंत्र नेणे मला पटत नाही. पन्नास वर्षे इंग्रजी टंकयंत्रावर बसलेली बोटे वाय शोधत राहतात, आणि तो कोठे गेला हे सांगायला आपण दर वेळी फोनवर नसतो.